झाकणावरचं नाव

व्हिनेगरचा थेंब झाकणावर पडला आणि लगेच फसफसला. लिंबूपाण्यात सोडा घातल्यावर येतात तसे बारीक बुडबुडे. मग शेजारच्या मुख्य कवचावर, कानशीनं घासून उजळ केलेल्या जागी, दुसरा थेंब टाकला आणि वाट पाहिली. काही नाही. थेंब जिथं पडला तिथंच बसून राहिला. तिसरा टाकला. दोन मिनिटं गेली, पाच गेली. मी गॅरेजच्या फरशीवर मांडी घालून बसले होते, हातात स्वयंपाकघरातली बाटली, आणि समोर तेलकट फडक्यावर ठेवलेलं ते धूड.

मॅग्नेशियमवर व्हिनेगर फसफसतं, ॲल्युमिनियमवर नाही. जुन्या रेसिंगच्या सामानाची ही सगळ्यात स्वस्त परीक्षा. म्हणजे झाकण मॅग्नेशियमचं आणि कवच ॲल्युमिनियमचं. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, दोन धातू एकत्र असू शकतात. पण पोटात खड्डा पडला तो पडलाच. कारण ही वस्तू मी त्या झाकणावरचं ओतीव नाव वाचून घेतली होती.

वस्तू म्हणजे क्विक-चेंज. जुन्या फोर्डच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध बसणारा, गुणोत्तर झटपट बदलता येणारा गाभा. कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये मी पहिल्यांदा पाहिला, आणि तेव्हापासून त्यानं मला धरून ठेवलंय. पुढे त्यांच्याकडूनच अर्धवट बांधलेली फोर्डची मॉडेल ए रोडस्टर विकत घेतली. पुढे फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन, मडगार्ड नाहीत, छप्पर नाही, आणि मागचा ॲक्सल गायब. त्या रिकाम्या जागेत काय बसवायचं याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

हे यंत्र इतकं देखणं का वाटतं, ते आधी सांगते. साध्या गाडीत इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्समधून शाफ्टवाटे मागे येतं. शाफ्टच्या टोकाला पिनियन, तो मोठ्या क्राऊनला फिरवतो, क्राऊन चाकांना. आपल्याकडे गॅरेजात 'क्राऊन-पिनियन' असा एकच शब्द आहे, नवरा-बायकोसारखा जोडीनं उच्चारायचा, आणि ते बरोबरही आहे, कारण दोघं एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकाला दुसऱ्याच जोडीतला जोडीदार दिला की आयुष्यभर कुरकुर. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की मागचं गुणोत्तर मिळतं. १९३० आणि ४० च्या दशकातल्या फोर्ड व्ही-८ मध्ये ३७ ला ९, म्हणजे ४.११, किंवा ३४ ला ९, म्हणजे ३.७८, किंवा ३९ ला ११, म्हणजे ३.५४. आकडा मोठा तर गाडी चटकन उसळते पण वरचा वेग कमी. आकडा लहान तर उलट. आणि तो बदलायचा म्हणजे सगळा ॲक्सल गाडीखालून उतरवायचा, दोन्हीकडचे कर्ण्याच्या आकाराचे बेल सोडवायचे, क्राऊन-पिनियनची नवी जोडी घालून सगळी मापं पुन्हा जुळवायची. दोन दिवस सहज जातात.

क्विक-चेंजमध्ये शाफ्ट पुढून आत शिरतो पण पिनियनला भेटत नाही. क्राऊनच्या खालून तो सरळ मागे निघून जातो, पार पाठीमागच्या भिंतीपर्यंत. तिथं सरळ दातांचे दोन गिअर एकावर एक बसलेले असतात. खालचा वरच्याला फिरवतो, आणि वरच्याच्याच शाफ्टवर पुढच्या टोकाला पिनियन असतो, जो मागच्या बाजूनं येऊन क्राऊनला भिडतो. म्हणजे फिरणं आधी मागे जातं, एक पायरी चढतं आणि परत पुढे येतं. त्या दोन गिअरवर फक्त एक झाकण. तेल काढा, नट सोडा, झाकण काढा, दोन्ही गिअर शाफ्टवरच्या खाचांवरून, म्हणजे स्प्लाइनवरून, हातानं ओढा, दुसरी जोडी सरकवा, झाकण लावा. चहा निवायच्या आत गाडीचा स्वभाव बदललेला.

दुसरी जोडीही दरवेळी लागत नाही. माझ्याकडच्या जोडीत एक गिअर २२ दातांचा आहे, दुसरा २७ चा. ४.११ च्या क्राऊन-पिनियनवर २२ खाली आणि २७ वर ठेवला की ५.०५ होतात. तेच दोन गिअर वर-खाली अदलाबदल केले की ३.३५. अठ्ठावीस इंची टायरवर ताशी ६० मैलांना इंजिन एका मांडणीत मिनिटाला साधारण ३,६०० फेरे मारतं, दुसऱ्यात २,४००.

आणि अजून एक गोष्ट, जी मला बऱ्याच उशिरा, एका रात्री कागदावर बाण काढताना कळली. दोन गिअर एकमेकांना भिडले की दिशा उलटते. म्हणजे पिनियन नेहमीच्या उलट फिरतो. मग गाडी मागे का जात नाही? कारण पिनियन क्राऊनच्या पुढच्या बाजूला नसून मागच्या बाजूला आहे. पुढून खाली दाबायचा तो दात आता मागून वर उचलायचा असतो. एक उलटं दुसऱ्या उलट्यानं फिटतं. नेहमीची क्राऊन-पिनियनची जोडी ॲक्सलच्या आसाभोवती अर्धा फेरा फिरवून ठेवली, बस, एवढंच झालेलं असतं. दातांची ओढायची बाजू, म्हणजे इंजिन जोर लावतं तेव्हा दाबली जाणारी, तीसुद्धा तीच राहते, म्हणून फोर्डचे तयार दात तसेच वापरता येतात. ज्या कुणाच्या डोक्यात हे पहिल्यांदा आलं असेल त्याला त्या रात्री नक्की झोप लागली नसेल. मलाही लागली नाही.

याची गरज मातीच्या गोल ट्रॅकांनी निर्माण केली. लॉस एंजेलिसमधलं गिलमोर स्टेडियम १९३४ साली सुरू झालं, पाव मैलाचा ट्रॅक, मिजेट नावाच्या छोट्या रेसिंग गाड्यांसाठी. आता त्या परिसरात टीव्हीचा स्टुडिओ आहे आणि शेजारी फार्मर्स मार्केट. मी तिथं भाजी घेताना उगाच जमिनीकडे बघते. तीच गाडी आज पाव मैलाच्या ट्रॅकवर, परवा अर्ध्या मैलाच्या, पुढच्या आठवड्यात आणखी कुठं. संध्याकाळी पाणी मारलेली माती रात्री नऊपर्यंत कडक होते तेवढ्यानंसुद्धा हिशेब बदलतो. अशा माणसांना दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत हवं होतं. मोहावे वाळवंटातल्या म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तळ्यांवर सरळ रेषेत वेग मोजणाऱ्यांनाही तेच हवं होतं. त्यांची संघटना, एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन), १९३७ ची. १९४९ पासून ती माणसं युटातल्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावरही जायला लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामात जे नाव सगळ्यांत मोठं झालं ते टेड हॅलिब्रँड यांचं. डग्लस विमान कारखान्यातला अनुभव, मिजेट गाड्यांचा नाद, आणि मॅग्नेशियमवरचा विश्वास. मॅग्नेशियमची घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७०. म्हणजे त्याच आकाराचा तुकडा दोन तृतीयांश वजनाचा. विमानवाल्यांना हे पाठ होतं, गाडीवाल्यांना नव्हतं. हॅलिब्रँड यांनी कल्व्हर सिटीत मॅग्नेशियमची चाकं ओतायला सुरुवात केली, इंडियानापोलिसच्या शर्यतीतल्या विजेत्या गाड्या पुढे त्याच चाकांवर धावल्या, आणि त्याच कारखान्यातून क्विक-चेंज बाहेर पडले. त्यांतला व्ही-८ प्रकार रस्त्यावरच्या मुलांना हवाहवासा, कारण तो १९४८ पर्यंतच्या फोर्डच्या ॲक्सलच्या बेलमध्ये बसायचा. भंगारातून फोर्डचा ॲक्सल आणा, मधला लोखंडी गाभा फेका, हा घाला. पुढे कारखाना टॉरन्सला गेला. म्हणून झाकणावर नावाखाली 'कल्व्हर सिटी' असं ओतलेलं असेल तर लोक आवाज खाली आणून बोलतात.

आणि झाकणच का, तेही समजून घ्यायला हवं. मडगार्ड काढलेल्या रोडस्टरच्या मागे उभं राहिलं की पेट्रोलच्या टाकीखाली नेमकं तेच दिसतं. हॉट रॉडची, म्हणजे वेगासाठी अशी फेरफार केलेल्या जुन्या गाडीची, अंगावर दिसणारी खरी नेमप्लेट तीच. झाकण सुटं असतं, ते पडतं, फुटतं, चोरीला जातं, विकलं जातं, हौसेनं बदललं जातं. सगळ्या यंत्रातला सर्वांत सहज बदलता येणारा भाग तो, आणि नाव नेमकं त्याच्यावर.

पोमोनाच्या स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजाराला, अंधारात जायचं असतं. सूर्य उगवेपर्यंत चांगलं सामान संपलेलं असतं, म्हणून लोक बॅटऱ्या घेऊन फिरतात, आणि फेअरप्लेक्सच्या त्या मैदानात जत्रेसारखे उजेडाचे ठिपके हलत असतात. एका ट्रकच्या मागच्या फळीवर ते ठेवलेलं होतं. माझ्या बॅटरीचा उजेड झाकणावर पडला, हॅलिब्रँड ही अक्षरं दिसली, आणि पुढचं सगळं माझंच चुकलं. विकणारा म्हणाला, अस्सल आहे, पूर्ण आहे, आतून फिरतंय. मी शाफ्ट धरून फिरवला, फिरला. पैसे दिले. उचलताना दोघं लागलो. तिथंच मला कळायला हवं होतं, मॅग्नेशियमचं असतं तर एवढं जड लागलं नसतं. पण हव्या असलेल्या गोष्टीचं वजन त्या वेळी हाताला कळत नाही.

व्हिनेगरनंतर मी भिंग आणि कॅलिपर घेऊन बसले. झाकणाच्या भोकांमध्ये तीन भोकं लांबट होती. नटाखालच्या रुंद वॉशरनं ती झाकून ठेवली होती. आतल्या कडेला कानशीच्या रेघा, एकाच दिशेनं ओढलेल्या, अगदी नव्या. जुन्या तेलाचा थर त्यांच्यावर बसलेला नव्हता. म्हणजे हे झाकण या कवचासाठी केलेलंच नव्हतं. कुणीतरी, फार पूर्वी नाही, भोकं ओढून ते बसवलं होतं. कवचावर स्वतःवर काहीच नाही. नाव नाही, गाव नाही. वाळूच्या साच्यातल्या ओतकामाची रवाळ त्वचा फक्त.

त्या रात्री मी रडले, हे लिहायला मला काही वाटत नाही. पैशांसाठी कमी, आणि आपण एवढं वाचलं, पाहिलं, तरी नाव दिसल्यावर हात लावून तपासलं नाही याचं जास्त.

क्विक-चेंज ओळखायचा असेल तर मागून सुरुवात करू नये, बाजूंनी करावी. दोन्ही बाजूंना फोर्डचे बेल बसतात का, बोल्टांचं वर्तुळ जुळतं का, मधली खाच बेलच्या ओठावर नीट बसते का, हे पहिलं. तिथं जुळलं तर तो व्ही-८ घराण्यातला. स्वतःचेच बेल आणि नळ्या असलेला, अंगानं थोराड असा असेल तर तो चॅम्पियनशिपच्या गाड्यांचा, ज्याला सगळे 'चँप' म्हणतात; उत्तम वस्तू, पण वेगळ्या गाडीची. अगदीच चिमुकला असेल तर मिजेटचा. मग आत डोकावायचं. क्राऊनच्या पोटात डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा, आहे की नाही? ट्रॅकवरच्या गाड्यांत बहुतेकदा नसतं, दोन्ही चाकं एकत्र बांधलेली असतात. मातीवर गाडी आडवी सरकवायची असल्यानं तिथं ते चालतं. डांबरावर प्रत्येक वळणाला टायर ओरडतात आणि ॲक्सल पिळवटतात. मग गिअरचे स्प्लाइन मोजायचे, सहा की दहा. हा आकडा चुकला तर पुढे एकही जोडी मिळाली तरी बसणार नाही. क्राऊनचे दात मोजायचे, पिनियनचे मोजायचे. बेअरिंगच्या कडेवरचे नंबर रॉकेलनं धुऊन वाचायचे, कारण नंबर कळला की माप कळतं, आणि ते अजून मिळतं का तेही कळतं. नाव सगळ्यात शेवटी.

माझं धूड या क्रमानं पाहिल्यावर काय निघालं? फोर्डचे बेल नीट बसले. आत खरं डिफरन्शियल. ३७ ला ९. सहा स्प्लाइन. आणि खालच्या शाफ्टच्या पुढच्या बेअरिंगच्या घरात एक पोलादी बुश, म्हणजे आतून दाबून बसवलेली नळी.

त्या बुशपाशी मला थांबायलाच हवं. ॲल्युमिनियमच्या कवचात बेअरिंगची बाहेरची कडी कधीतरी सुटते आणि घरातच गरगरत राहते. घर झिजून मोठं होतं, शाफ्ट हलायला लागतो, मागच्या दोन गिअरचं अंतर बिघडतं आणि दात खायला सुरुवात होते. याच्यावर आळशी उपाय भरपूर आहेत. घरात पंचानं टोचे मारून ते आवळायचं, बेअरिंगभोवती पत्रा गुंडाळायचा. इथं तसलं काही नव्हतं. कुणीतरी ते घर लेथवर गोल मोठं करून घेतलं होतं, त्यात पोलादी बुश दाबून बसवला होता, आणि तो फिरू नये म्हणून कडेला सारख्या अंतरावर तीन बारीक पिना ठोकल्या होत्या, अर्ध्या बुशात, अर्ध्या कवचात. पिनांची डोकी कवचाच्या पातळीला आणून घासलेली. बुशाच्या आतल्या ओठाला हलकी चँफर, म्हणजे तिरकी कड, बेअरिंग घालताना कोपरा खरवडू नये म्हणून. बोट फिरवलं तर जोड लागत नव्हता. मी डायल लावून पाहिलं, अर्धा थाऊसुद्धा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाकडेपणा नव्हता. बुशावर अनेक वर्षांचं पिवळट तेल वाळलं होतं, म्हणजे हे काम जुनं. बघणाऱ्याला कधीही न दिसणाऱ्या जागी कुणीतरी दिवसभर राबला होता. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या आजोबांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं, अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि म्हणाले, "हा माणूस आता हवा होता."

तिथून पुढे मला त्या झाकणाचा रागही येईनासा झाला.

दुरुस्तीला सहा महिने गेले. ऑफिस, मुलाची शाळा, आणि उरलेल्या वेळात गॅरेज. कवचाची आधी डीपी टेस्ट: लाल द्रव फासायचा, थांबायचं, पुसायचं, वर पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर लाल रेघ पांढऱ्यातून वर येते. लोखंडासाठी चुंबकाची परीक्षा असते, ती इथं उपयोगाची नाही, कारण ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत. खालच्या एका बोल्टच्या कानाशी अर्ध्या इंचाची लाल रेघ उमटली. ती भेग एका विमानाच्या वेल्डरकडून भरून घेतली. मॅग्नेशियमचं असतं तर त्याच्याकडे जातानाही मी दोनदा विचार केला असता. त्याचा भुसा पेटला तर पाण्यानं आग आणखी भडकते, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर लागते. स्टडचे आटे गेले होते तिथं हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे, घातली. बेअरिंगं आणि सीलं नवी.

फोर्डच्या ॲक्सलांबद्दल एक सांगून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. त्यांच्या आतल्या टोकाचा गिअर आणि ॲक्सल हे एकाच तुकड्यातले असतात, म्हणून ॲक्सल बाहेरून ओढून निघत नाही. गाभा उघडावाच लागतो. बाहेरचं टोक निमुळतं, त्यावर चावी आणि हब. हब अडकलं की टोकावर घण मारायची सवय लोकांना असते. तो प्रत्येक घाव आत डिफरन्शियलपर्यंत पोचतो. हबला धरणारा पुलर लावा, ताण द्या आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी हब कधीकधी आपोआप सुटून पडलेलं असतं. आणि चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात भिंगानं बघा, ॲक्सल मोडतो तो तिथूनच.

मग आली क्राऊन-पिनियनची जुळणी, आणि तिथं मी अडले. पुस्तकातली चित्रं आणि समोरचे दात यांत काही केल्या मेळ बसेना. शेवटी मामांना फोन लावला. मामा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत होते, सगळी नोकरी डिफरन्शियलवर. लहानपणी सुटीत पुण्याला गेलं की त्यांच्या बोटांना येणारा गिअर ऑइलचा वास मला आवडायचा, जळक्या लसणासारखा. आई नाक मुरडायची. आता त्यांचं वय झालंय, पण आवाज तसाच खणखणीत. माझे रात्रीचे साडेआठ, त्यांचे सकाळचे नऊ.

"मामा, एक काम होतं. दाखवू का?"

"दाखव की. बॅटरी सरळ मारू नकोस, तिरकी मार. सरळ उजेडात ठसा दिसत नाही."

दातांना मी निळा रंग लावला होता. एकमेकांवर फिरवल्यावर जिथं दात भिडतात तिथला रंग पुसला जातो आणि लखलखीत ठसा राहतो. तो दाताच्या मधोमध हवा. माझा बाहेरच्या टोकाला सरकला होता.

"टाचेवर बसतोय गं. ही ओढायची बाजू ना? क्राऊन पिनियनकडे घे जरा. प्ले किती आहे?"

"बारा थाऊ."

"मग लांबच आहे ना तो. जवळ घे. आठावर आण. शिम कुठं असतात यात?"

मी सांगितलं, यात कागदी गॅस्केटांवर खेळ असतो. बेल आणि गाभा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना गॅस्केटं, त्यांची एकूण जाडी बेअरिंगचा दाब ठरवते. म्हणून एकीकडचं पातळ गॅस्केट काढलं की ते दुसरीकडे घालायचं. एकूण जाडी तीच, दाब तोच, फक्त क्राऊन इकडचा तिकडे सरकतो. मामा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "वा. कागदावर? छान केलंय." त्यांनी सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मुलांना दिलेली ती शाबासकी होती, आणि ती पोचवायला मी तिथं होते याचा मला फार आनंद झाला.

बुशही दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला असावा, पडद्यावर मला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं. "पिना किती? तीन. बरोबर. शेजारी टोचे आहेत बघ दोन, पुसट. दिसतायत? ते त्यानं जुळणीसाठी मारलेत. तसलाच टोचा बेअरिंगच्या टोपीवर असणार. समोरासमोर आण आणि मगच आवळ." मी सहा महिने ते कवच मांडीवर घेऊन बसत होते, ते टोचे मला दिसले नव्हते. टोपी पुसून पाहिली. होते.

झाकणाचं मी शेवटी काय केलं, असं मला हॉट रॉडवाले विचारतात. लांबट भोकांतून तेल झिरपणारच होतं, आणि ती भोकं भरून मॅग्नेशियमवर पुन्हा कुणाचा हात चालवायची माझी इच्छा नव्हती. ते झाकण आपल्या जागी अस्सल आहे. त्याच्या अंगावर अजून जुन्या डायक्रोमेटच्या मुलाम्याची सोनेरी-तपकिरी झाक आहे, कोपऱ्यांत पांढरी भुकटी धरायला लागली होती ती मी ब्रशनं हलकेच काढली. ते कुठल्यातरी दुसऱ्या कवचाचं आहे आणि त्या कवचाला ते कधी भेटलं तर मी आनंदानं देईन. तोवर फडताळात, कोरड्या जागी. माझ्या गाडीला मी ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीतून साधं झाकण कोरून घेतलं, बोटांना पकडता येईल अशा उभ्या फासळ्यांचं, मधोमध सपाट जागा. त्या जागी काहीतरी लिहून घे असं पुष्कळांनी सुचवलं. मी ती रिकामी ठेवली.

गेल्या महिन्यात गाडी रस्त्यावर आली. ३.३५ ची मांडणी, पहाटे रिकाम्या रस्त्यावर, ताशी ६० मैल. क्विक-चेंज गातो, असं इथले लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे. तिरक्या दातांचे गिअर हळूहळू एकमेकांत शिरतात, सरळ दात मात्र पूर्ण रुंदीनं एकदम भिडतात, म्हणून तो आवाज. त्या वेगाला मागच्या दोन गिअरचे दात सेकंदाला साधारण १,०८५ वेळा भिडतात. आणि त्याच्याखाली क्राऊनचा स्वतःचा सूर असतो, सेकंदाला ४४४, हार्मोनियमच्या पांढरी सहाच्या अगदी जवळ. वरचा मोठा आणि सतत, खालचा असावा तर इतका मंद की नाही म्हटलं तरी चालावं. छप्पर नसलेल्या गाडीत पाठीमागून तो वरचा सूर मानेवर येतो आणि वेगाबरोबर चढत जातो. मी तीनदा तोच रस्ता केला. चौथ्यांदा फोन सीटमागे बांधून आवाज घेतला आणि मामांना पाठवला.

त्यांचा फोन दुपारी आला, म्हणजे त्यांची मध्यरात्र. झोपले नव्हते.

"ऐकला. तो वरचा तुझा मागचा जोड ना, सरळ दातांचा? तो असू दे, तो त्याचा स्वभाव आहे. पण तू पाय काढतेस ना ॲक्सिलरेटरवरून, तिथं ऐक. पहिल्यांदा काढतेस तिथं, मग वळणाच्या आधी. खाली एक घुमतोय."

मी पुन्हा लावून ऐकलं. नाही कळलं. कान अगदी चिकटवून ऐकलं, तेव्हा पाय काढल्या क्षणी खालून काहीतरी उठल्यासारखं वाटलं, भांड्यात वाटी फिरवल्यासारखं.

"आहे," मी म्हणाले.

"ओढायची बाजू बसवलीस तू, सोडायची बघितली नाहीस. उलट्या अंगाला निळा मारला होतास का?"

नव्हता मारला.

"मार आणि मला दाखव. उद्या माझे नऊ वाजता."

मी गाडी जॅकवर घेतली, चाकांना ठोकळे लावले आणि तेलाचं भांडं खाली सरकवलं. तेल अजून कोमट होतं.